कुंपणापलीकडचा मोह

श्वानासंबंधीं आमच्या समाजाची वृत्ति मोठी विसंगत आहे. धर्मराजानें ज्याच्याकरितां स्वर्गाचा रथ नाकारिला त्या प्राण्याची कथा आम्ही श्रद्धेनें ऐकतों. परंतु तोच प्राणी सोवळ्याच्या वाळवणाजवळ फिरकला कीं काठी शोधूं लागतों. आमचें घरही यास अपवाद नव्हतें. तथापि नातवाच्या हट्टापुढें आमचें कांहीं चाललें नाहीं, आणि तीन वर्षांपूर्वीं मुधोळ जातीचें एक पिल्लूं अंगणांत आलें. त्याचें नांव मोती.

मुधोळ हें कर्नाटकांतील, पूर्वीं घोरपडे यांच्या संस्थानाचें गांव. तेथील शिकारी कुत्र्याचें चित्र २००५ सालीं टपाल खात्यानें तिकिटावर छापिलें, एवढा त्याचा लौकिक. अंग सडपातळ, पाय लांब आणि नाकापेक्षां डोळ्यांवर भिस्त अधिक. दूरवर ससा हलला कीं हा धांवलाच. आमच्याकडे ससे नाहींत. त्यांची उणीव मांजरांनीं आणि सायकलींनीं भरून काढिली.

गतवर्षीं आषाढांत फाटकाची कडी लावावयाची राहिली. (ती आम्हीच विसरलों होतों, हें येथें सांगितलेंच पाहिजे.) मोती दूधवाल्याच्या सायकलीमागें धांवला, सायकल घसरली आणि त्या बिचाऱ्याचें मनगट मोडलें. मोतीनें त्यास दांतही लाविला नव्हता. पण मोडलेल्या हाडास त्याचें काय? औषधोपचाराचा व बुडालेल्या रोजगाराचा खर्च आम्हीं दिला. तरी गळ्यांत हात अडकवून तो दारावरून जाई तेव्हां आम्हांस मान वर करवत नसे. घरांत कुत्रा देऊन टाकण्याची भाषा सुरू झाली. नातू मुकाट्यानें पानावरून उठूं लागला.

सर्वांस सुचते तीच साखळी प्रथम आम्हांसही सुचली. आठ दिवसांत मोतीच्या गळ्याचे केस झडले, आणि सुटतांच तो पूर्वींहून वेगानें पळाला. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें, नेहमी बांधून ठेविलेल्या कुत्र्यास पुरेसें न फिरविणें हा मालकाचा अपराध ठरविला आहे. तर २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमांत, जनावरापासून माणसास इजा होऊं नये अशी खबरदारी न घेणारास सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. ही कलमें वाचून आम्हीं पशुवैद्यांचें घर गांठिलें.

त्यांनीं विचारिलें, "हा दिवसांतून किती धांवतो?" आम्ही निरुत्तर झालों. रिकामें बसलेलें पोर खोड्या काढतें, हें जन्मभर वर्गांत पाहिलेल्या माणसास येवढें सुचूं नये! तेव्हांपासून दोन्ही वेळां नदीकाठचा फेरा सुरू झाला. नराच्या भटकण्यास मादीचा गंधही कारण होतो, म्हणून निर्बीजीकरण करविलें. तो शब्द घरांत उच्चारतांना आमची जीभ अडखळली, हें खरें. वर्षाची रेबीजची लस तर चुकवावयाचीच नाहीं; आणि गळपट्ट्यास आमच्या दूरध्वनीचा क्रमांक कोरलेला पितळी बिल्ला बसविला.

मग कुंपण. धुण्याचा दगड भिंतीलगत होता, तीच त्याची पायरी. तो दगड हलविला. तारेच्या जाळीखालून तो माती उकरी, म्हणून जाळीचा खालचा हातभर भाग आंतल्या बाजूस काटकोनांत वळवून पुरला. जाळीपाशीं उकरूं लागला कीं पंजे तारेवर आपटतात. फाटकाच्या आंत आणखी एक लहान फाटक बसविलें. एक लागल्यावांचून दुसरें उघडावयाचें नाहीं, असा घराचा दंडक केला. दिवाळींत फटाक्यांच्या भयानें कुत्रीं वाट फुटेल तिकडे पळतात. त्या रात्रीं मोती माजघरांत असतो.

हें सर्व होण्यापूर्वीं एकदां मोती पळून सांजावतां परत आला, तेव्हां आम्हीं काठी उगारली होती. महाभारताच्या आदिपर्वांत जनमेजयाच्या यज्ञांत आलेल्या सारमेयास राजाच्या भावांनीं मारलें; त्यानें हविष्यास तोंड लाविलें नव्हतें. त्याची आई सरमा जाब विचारण्यास आली, आणि उत्तर न मिळाल्यानें शाप देऊन गेली. मोतीच्या मनांत पळून जाणें कधींच मागें पडलें होतें. तो घरीं आला म्हणून मारतों आहों, इतकेंच त्यास कळलें असतें. काठी कोपऱ्यांत ठेविली आणि भाकरी आणविली.

दूधवाला आतां फाटकाबाहेर घंटा वाजवून थांबतो. मोती आंतून शेपूट हालवितो. परंतु त्या दोघांत अद्यापि पुरता सलोखा झालेला नाहीं.