कुठला ‘परम’? नाव एक, आतलं यंत्र वेगळं

आमच्या सारोळ्याच्या थांब्यावर सातारा–स्वारगेट पाटीच्या एसट्या एकामागून एक येतात. पाटी तीच, पण एखादी घाटात धापा टाकत आलेली असते, तर एखादी निवांत. म्हणजे पाटी वाचून फक्त गाडी कुठे जाते ते कळतं, इंजिन कळत नाही. संशोधनात हीच चूक मी केली. तुमच्याकडून ती होऊ नये, म्हणून ही पोस्ट.

पहिल्या वर्षी मी जुन्या समांतर गणनेवरच्या निबंधांचा तक्ता करत होतो. ‘संगणक’ या रकान्यात तीन ठिकाणी बिनधास्त ‘परम’ लिहिलं आणि वेळांची तुलनाही करून टाकली. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, “कुठला परम?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन महिन्यांचा तक्ता परत करावा लागला.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. डॉ. विजय भटकर त्याचे प्रमुख होते. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ आला. पुढे याच नावाची अनेक यंत्रं निघाली. आता झाकण उघडून आत बघू.

परम ८०००: यात इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते, टी८०० घराण्यातले. प्रत्येक चिपवर प्रोसेसर, थोडी मेमरी आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे. सगळ्यांची मिळून एक मेमरी नाही. प्रत्येकाची आपापली, आणि देवाणघेवाण निरोप पाठवूनच.

परम ८६००: १९९२ च्या सुमारास ताकद कमी पडते असं लक्षात आलं. मग प्रत्येक नोडमध्ये इंटेलचा एक आय८६० आणि जोडीला चार टी८०० बसवले. आकडेमोड आय८६० करणार, निरोपांची ने-आण ट्रान्सप्युटर करणार. प्रोग्रॅमिंगसाठीचं ‘परास’ हे वातावरण मात्र दोन्हीकडे तेच. म्हणून ८००० चा प्रोग्रॅम ८६०० वरही चालायचा.

परम ९०००: १९९४ मध्ये दाखवला गेला. रचना अशी की प्रोसेसर बदलता यावा. त्यामुळे ‘९०००’ हेसुद्धा एक यंत्र नाही: ‘एसएस’ प्रकारात सुपरस्पार्क, ‘यूएस’मध्ये अल्ट्रास्पार्क, ‘एए’मध्ये डेकचा अल्फा.

परम १००००: १९९८ चा. इथे नोड म्हणजे सन कंपनीचा अख्खा सर्व्हरच, त्यात ४०० मेगाहर्ट्झचे दोन अल्ट्रास्पार्क-२.

‘प्रोसेसर बदलला, वेग वाढला, एवढंच ना?’ असं तुम्ही म्हणाल. नाही, खरी मेख पुढे आहे.

ट्रान्सप्युटरचा दुवा सेकंदाला २० मेगाबिट वेगाचा. प्रत्यक्षात एका दिशेने साधारण १.७ मेगाबाइट जातात. म्हणजे ८ बाइटची एक संख्या शेजाऱ्याकडे पोचायला जवळपास ४.७ मायक्रोसेकंद लागतात. २० मेगाहर्ट्झचा टी८०० सेकंदाला सुमारे १५ लाख दशांश-क्रिया करतो, म्हणजे तेवढ्या वेळात साधारण ७. आणि ४० मेगाहर्ट्झचा आय८६०? त्याची कमाल क्षमता सेकंदाला ६ कोटी, म्हणजे तेवढ्याच वेळात सुमारे २८०. प्रत्यक्षात तो कमाल आकड्याच्या बराच खाली राहायचा, कारण त्याच्या पाइपलाइनी भरलेल्या ठेवणं कंपायलरला जड जायचं. चार ट्रान्सप्युटरमुळे दुवेही जास्त मिळाले. तरी दरी मोठीच.

अर्थ काय? ८००० वर जो प्रोग्रॅम आकडेमोडीत अडकायचा, तोच ८६०० वर निरोपांची वाट बघत बसू शकतो. अल्गोरिदम तोच, कोड तोच, पण अडथळ्याची जागा बदलली. मी तक्त्यात ‘ही पद्धत नोड वाढवल्यावर मंदावते’ असा निष्कर्ष काढला होता. दोष पद्धतीचा की दुव्यांचा, हे मला यंत्र न ओळखता कळणारच नव्हतं.

आकड्यांचंही तसंच. परम १०००० च्या मूळ संचात चार नोड, म्हणजे आठ प्रोसेसर. प्रत्येकाची कमाल ०.८ गिगाफ्लॉप्स, एकूण ६.४. पण याच नावापुढे १०० गिगाफ्लॉप्सही लिहिलेलं सापडेल. तो १६० प्रोसेसरच्या मोठ्या संचाचा आकडा आहे. दोन्ही खरे, फक्त यंत्र एवढं एवढं वेगळं. शिवाय ६.४ हा गुणाकार आहे, मोजमाप नाही!

तेव्हा जुना निबंध वाचताना वहीत एवढं टिपाच:

१. मॉडेल कोणतं आणि त्यातला प्रकार कोणता?
२. त्या प्रयोगात प्रत्यक्ष किती प्रोसेसर वापरले?
३. वेग कमाल आहे की मोजलेला?
४. नोड एकमेकांशी कशाने जोडलेले होते?

चारपैकी एकाचंही उत्तर निबंधात नसेल, तर तो रकाना रिकामा सोडा. अंदाजाने भरू नका. रिकामा रकाना बघून कोणी रागावत नाही. चुकीच्या भरलेल्या रकान्यावर मात्र पुढचं सगळं काम उभं राहतं, आणि ते कधी कोसळेल सांगता येत नाही.

आणि हो, स्वतःचा निबंध लिहाल तेव्हा ‘प्रयोगशाळेतल्या सर्व्हरवर चालवलं’ एवढ्यावर थांबू नका. तीस वर्षांनी कोणीतरी विचारणार आहे, कुठला सर्व्हर?