गाडीची शाकारणी

कोकणात मे महिना संपत आला की घरोघरी एकच गडबड. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला टाकायची, वाशांना वाळवी लागली का ते ठोकून बघायचं आणि पन्हळीत वर्षभर साचलेला पाला हाताने उपसायचा. आजोळी हे शेवटचं काम आम्हा पोरांकडे असे, कारण आमचे हात बारीक. खालून आजोबांचं पालुपद चालू असायचं: पाण्याला वाट द्या रे, नाहीतर ते घराची वाट लावील.

आता मी इंग्लंडात, कॉव्हेंट्रीजवळ राहतो. घराची पन्हळ साफ करायला माणूस शिडी घेऊन येतो. तरी दर ऑक्टोबरच्या शेवटी माझी शाकारणी असतेच. गाडीची.

गाडी आहे १९९१ची माझदा एमएक्स-५. लाल, दोनच सीटांची, मागे दुमडून ठेवता येणाऱ्या टपाची, झोपलेले दिवे बटण दाबल्यावर बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणारी. घेतली तेव्हा गावी फोन करून मोठ्या अभिमानाने सांगितलं, "मामा, माझदा घेतली." पलीकडे जरा शांतता. मग मामा म्हणाला, "टेम्पो कशाला घेतलास रे?" त्याचीही चूक नाही. आपल्याकडे माझदा हे नाव पाहिलं ते स्वराज माझदाच्या ट्रकवर आणि शाळेच्या मिनीबसवर.

या गाडीची जन्मकथा गमतीची आहे. एमजी, ट्रायम्फ, लोटस असल्या छोट्या उघड्या गाड्या ही इंग्रजांची खासियत. वजनाला हलक्या, वळणावर चपळ, आणि तेल गळण्यात एकीपेक्षा एक सरस. सत्तरच्या दशकात त्या मागे पडत गेल्या. त्यांतल्या एमजीच्या एमजीबी गाडीचं उत्पादन १९८० साली थांबलं. त्याच्या आदल्या वर्षी बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने हिरोशिमाला माझदाच्या केनिची यामामोटोंपुढे विषय काढला होता, की अशी साधी, स्वस्त गाडी आता कोणीच करत नाही, तुम्ही करा. पुढे हॉल माझदातच नोकरीला लागला आणि फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली. १६०० सीसीचं इंजिन, जेमतेम ११५ अश्वशक्ती, वजन टनाच्या आत. २०१६मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्याबाहेर पडली. म्हणजे इंग्रजांची कल्पना, अमेरिकनाचा आग्रह आणि जपान्यांची कारागिरी. तिला गंजवायचं काम तेवढं इंग्लंडच्या हवेने स्वतःकडे ठेवलं.

जुनी स्पोर्ट्स कार म्हटलं की लोक पहिलं इंजिनाचं विचारतात. या गाडीचं इंजिन दणकट आहे. ऑइल वेळेवर बदला, टायमिंग बेल्ट साठ हजार मैलांना बदला, आणि तो उघडलाच आहे तर त्याच्यामागचा वॉटर पंपही बदला. बेल्ट तुटला तरी या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत नाहीत. गाडी रस्त्यात बंद पडते, इंजिनाचा चुरा होत नाही. फक्त सुरुवातीच्या गाड्यांत, १९९० आणि १९९१च्या पूर्वार्धातल्या, क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. तिथला बोल्ट नीट आवळला गेला नाही तर चावीची खाच झिजते आणि पुली डुलायला लागते. ओळखायची खूण सोपी: पुढून पुलीला चार खाचा दिसल्या तर टोक आखूड, आठ दिसल्या तर लांब. असली गाडी घेताना बोनट उघडून आधी खाचा मोजाव्यात, मग चहा घ्यावा.

ऑइल फिल्टरबद्दल मात्र एक तक्रार नोंदवून ठेवतो. तो इनटेक मॅनिफोल्डच्या पोटाखाली असा काही दडवला आहे की डोळ्यांनी बघावा तर हात पोचत नाही आणि हात घालावा तर डोळ्यांना दिसत नाही. शेवटी डोळे मिटून, पूजेला बसल्यासारखं, नुसत्या बोटांनी तो फिरवायचा. गरम असतो. सुटतो तेव्हा उरलेलं ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत येतं. गेल्या नऊ वर्षांत माझा एकही शर्ट या प्रसंगातून वाचलेला नाही.

आता पाण्याकडे येतो, कारण ही गाडी मरते ती पाण्याने.

टपावर पडलेला पाऊस मागे, सीटांच्या पाठीशी असलेल्या पन्हळीत उतरतो. तिथून दोन्ही बाजूंना, सीट-बेल्टच्या खांबामागे, एकेक भोक आहे. त्याला जोडलेली नळी खाली जाते आणि मागच्या चाकाच्या किंचित पुढे, गाडीच्या पोटाशी उघडते. कौलावरून पन्हळीत आणि पन्हळीतून अंगणात, तीच रचना. फक्त हे भोक करंगळी जेमतेम शिरेल एवढं. वाळकी पानं, परागांचा चिकट थर, टपाच्या कडेचा सुटलेला धागा, सगळं तिथे जमतं. भोक तुंबलं की पाणी पन्हळ ओलांडून दोन ठिकाणी जातं. एक म्हणजे सीटखालचा गालिचा. तो निदान वासाने सांगतो तरी. दुसरं ठिकाण म्हणजे उंबरठा.

इंग्रजीत सिल म्हणतात त्याला आपला उंबरठा हा शब्द नेमका बसतो: दाराखालचा लांब, पोकळ, पत्र्याच्या दोन-तीन थरांचा भाग. बंद टपाच्या गाडीत छतही थोडा भार घेतं. इथे छतच नाही, म्हणून गाडीचा ताठपणा बराचसा या उंबरठ्यांवर. आणि गंज धरतो तो आतून. बाहेरून रंग चकचकीत, आत पत्र्याचा पापड. मागच्या चाकापुढे, उंबरठा संपतो तिथे, रंगावर तांदळाएवढा फोड दिसला की आतलं काम बरंच पुढे गेलं आहे असं धरून चालावं.

मीठ हा दुसरा शत्रू. इथे थंडीत रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून जाडं मीठ टाकतात. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंजणं ही मुळात लोखंड आणि प्राणवायू यांच्यातली विजेची देवघेव. मीठ ती झपाट्याने वाढवतं. शिवाय मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे भेगेत बसलेला चिखल कोरड्या दिवशीही दमटच राहतो. कोकणात समुद्राकाठच्या खिडकीच्या गजांचं काय होतं हे ज्याने पाहिलंय त्याला जास्त सांगायला नको.

हे सगळं मी आज शहाण्यासारखं लिहितोय, पण पहिल्या थंडीत मला यातलं काही ठाऊक नव्हतं. गाडीत ओल्या गोणपाटाचा वास यायला लागला. मी टपाला दोष दिला. रबरी पट्ट्या बदलल्या, शिवणींना मेण लावलं, दोन महिने रविवारचे रविवार घालवले. मग एकदा वैतागून सीट काढली, गालिचा उचलला आणि त्या भोकात बोट घातलं. चहाच्या चोथ्यासारखा काळा गाळ हाताला लागला. त्यातून एक बी अंकुरून वर आलं होतं.

त्या वर्षी एमओटीत गाडी नापास झाली. तीन वर्षांवरच्या गाडीला इथे दरवर्षी ही तपासणी करून घ्यावी लागते. नियम असा की सीट-बेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे पत्र्याला धरलेलं असतं तिथून ३० सेंटिमीटरच्या आत गंजाने पत्रा दुबळा झाला असेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. उंबरठ्याचं मागचं टोक नेमकं सीट-बेल्टच्या जवळ. तपासनिसाने हलकंसं दाबलं आणि पापड मोडला. मोठेपणाने म्हणाला, "बाकी गाडी छान आहे." लग्नात वर पसंत नाही पण मांडव छान, तशातली गत.

वेल्डिंगवाला भला माणूस भेटला. गंजावर नुसता पत्रा चिकटवून देणारेही असतात. ते म्हणजे ओल्या भिंतीला चुना. याने शुद्ध चकाकणारं लोखंड दिसेपर्यंत कापलं, आतला थर वेगळा केला, बाहेरचा वेगळा, आणि शेवटी लांब नळीने पोकळीत पातळ मेण फवारलं. हे मेण भेगेभेगेत झिरपतं आणि सुकल्यावरही मऊ राहतं, त्यामुळे तडकत नाही. दर दोन वर्षांनी मी ते पुन्हा मारतो. त्या आठवड्यात अंगणात मेणबत्तीच्या कारखान्यासारखा वास असतो.

उंबरठ्याचा आणखी एक वैरी म्हणजे दुसऱ्याच्या हातातला जॅक. टायर बदलायला मी एकदा गाडी गॅरेजात दिली. तिथल्या पोराने जॅक उंबरठ्याच्या खालच्या कडेला कुठेही लावून उचलली. कड वाकली, रंग तडकला, आणि तडकलेल्या रंगाखाली गंजाला सहा महिनेही पुरतात. तेव्हापासून चाकं मीच काढतो. पुढून उचलायची तर आडव्या सबफ्रेमच्या मध्याला जॅक, मागून उचलायची तर डिफरन्शियलखाली, आणि लगेच दोन्हीकडे स्टँड. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. यावरून मी शेजाऱ्यांशी वाद घातले आहेत आणि पुढेही घालीन.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यातल्या सान मोटर्सने सान स्टॉर्म नावाची दोन सीटांची छोटी गाडी काढली होती. इंजिन रेनॉचं, बॉडी फायबरची. फार चालली नाही. पण उंबरठ्याचा पापड हातात धरून उभा असताना मला ती फायबरची बॉडी हटकून आठवते.

रंगाचं प्रकरण निराळं. पहिल्यांदा पॉलिश केलं तेव्हा हातातलं पांढरं फडकं लालभडक झालं आणि माझ्या पोटात गोळा आला. आजच्या गाड्यांत रंगाचा थर खाली आणि त्यावर पारदर्शक लाखेचा थर असतो. झिजते ती लाख. या जुन्या लाल रंगावर तो वरचा थरच नाही. उन्हाने वरचा पापुद्रा मरतो, खडूसारखा होतो, आणि लाल गाडी हळूहळू गुलाबी दिसू लागते. पॉलिश म्हणजे तो मेलेला पापुद्रा खरवडून खालचा जिवंत रंग वर आणणं. पण प्रायमरपासून सगळे थर धरून जाडी सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे दोन केसांएवढीसुद्धा नाही. दर पॉलिशला मुद्दलातून खर्च होतो. म्हणून मशीन चार वर्षांतून एकदा, मेण दर तीन महिन्यांनी. हे मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरून खरवडून काढतात; लावल्यावर पाणी मोत्यांसारखं घरंगळतं.

धुण्यातही असंच. गाडीवर ते कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात, ते आपल्याच हातचे असतात. फडक्यातली वाळू आपण प्रेमाने गोल गोल घासलेली असते. म्हणून बादल्या दोन, एकीत साबण, दुसरीत फक्त फडकं खळबळायला साधं पाणी. आणि फडकं एकदा जमिनीवर पडलं की गाडीशी त्याचा संबंध संपला. ते चाकांकडे जातं. मला मात्र हसू येतं ते बोनटवर तीन थर मेण चढवून गाडीखाली कधी न वाकणाऱ्यांचं. वरून कीर्तन, आतून तमाशा. माझा पाण्याचा पाइप आधी चाकांच्या कमानीत जातो, चिखल सुटेपर्यंत, आणि मग वर.

गेल्या रविवारी यंदाची शाकारणी झाली. थंडी होती, म्हणून टप खाली करण्याआधी मागच्या प्लॅस्टिकच्या खिडकीची चेन उघडली. न उघडता दुमडलं तर गारठलेलं प्लॅस्टिक तडकतं. मग पन्हळीतला पाला चिमटीने वेचला. नळीत कडक तार घालायची नाही, ती नळीलाच भोक पाडते. मी पडद्याची प्लॅस्टिक चढवलेली स्प्रिंग वापरतो, पुढचं टोक चिकटपट्टीने गोल करून. माझ्या आठ वर्षांच्या लेकीला मागच्या चाकाशी उकिडवं बसवलं आणि वरून तांब्याने पाणी ओतलं. डावीकडून लगेच धार आली. उजवीकडे पाणी भोकाशी येऊन थबकलं, वर एक बुडबुडा आला, बस.

स्प्रिंग सरकवली. पेरभर गेली आणि अडली. फिरवली, जरा मागे घेतली, पुन्हा घातली. माझं बोट तिथवर शिरत नव्हतं. लेक उठून आली, मला बाजूला केलं आणि करंगळी आत घालून पानाचा एक लांब देठ ओढून काढला. मग पळत पुन्हा आपल्या जागी.

"ओता."

ओतलं. घोटभर पाणी आत गेल्याचा आवाज झाला.

"आलं, बाबा. पण काळं येतंय."

मी दुसरा तांब्या भरायला आत गेलो.