कासवांचे गाव, गावाचा व्यवसाय

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाला परिचित असले, तरी गेल्या दोन दशकांत ऑलिव्ह रिडले या सागरी कासवामुळे त्याला नवी ओळख मिळाली असून, ती टिकवण्यात घरगुती निवास-न्याहारीचा व्यवसाय करणाऱ्या स्थानिक कुटुंबांचा वाटा मोलाचा आहे.

या कासवाची मादी साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि खड्डा बुजवून समुद्रात परतते. पुढे ती त्या घरट्याकडे फिरकत नाही. अंडी वाळूच्या उबेवर सुमारे ४५ ते ६० दिवसांत उबतात आणि वाळू अधिक उष्ण असेल तर माद्या, कमी उष्ण असेल तर नर जास्त निपजतात. इतके दिवस राखणीविना राहणारी ही घरटी कुत्री व कोल्हे उकरून काढीत. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण लाभलेल्या प्राण्यांच्या यादीत, या कासवाचा समावेश असूनही माणसे त्याची अंडी खाण्यासाठी आणि विकण्यासाठी नेत असत.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ साली येथे संरक्षणाचे काम हाती घेतले. ‘कासवमित्र’ म्हणून ओळखले जाणारे ग्रामस्थ पहाटे किनारा पालथा घालून घरटी शोधू लागले आणि सापडलेली अंडी जाळीचे कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात, मूळ घरट्याइतक्याच खोलीवर पुरू लागले. २००६ पासून पिल्ले समुद्रात सोडण्याचा सोहळा लोकांना पाहता यावा म्हणून कासव महोत्सव भरू लागला, आणि पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय गावकऱ्यांच्या घरांतच करण्यात आली.

या व्यवस्थेचे मर्म असे की, अंडी विकून एकदाच मिळणाऱ्या पैशापेक्षा पिल्ले सुखरूप समुद्रात गेल्याने दर हंगामात होणारी कमाई अधिक भरवशाची ठरते, आणि ती खोली देणाऱ्या, स्वयंपाक रांधणाऱ्या घरातच राहत असल्याने किनाऱ्याची राखण हा त्या घराच्या हिताचा विषय होतो. मात्र याच व्यवसायात धोकाही दडलेला आहे; कारण गर्दी वाढली, की वाळू तुडवली जाते, आणि किनाऱ्यावरच्या प्रखर दिव्यांमुळे अंडी घालायला आलेली मादी बिचकते व पिल्लांची दिशा चुकते. म्हणूनच दिवे मंद ठेवणे, पिल्लांना हात लावू न देणे आणि पिल्ले बाहेर येण्याची हमी कोणालाही न देणे, ही यजमानाची खरी जबाबदारी होय. किनाऱ्याला झेपेल तेवढेच पाहुणे स्वीकारण्याचा निर्णय गावाने एकत्र बसून घेतला आणि शासनाने त्याला नियमांचे पाठबळ दिले, तर कासव आणि यजमान या दोघांचेही भवितव्य सुरक्षित राहील.