आमवातात सांध्यांची हालचाल : केव्हा व किती?

सांधे दुखू लागले की तेल चोळून शेक घ्यावा, हा प्रघात आपल्याकडे इतका रूढ आहे की रुग्ण वैद्याकडे येण्यापूर्वीच आठ-पंधरा दिवस तो करून आलेला असतो. संधिगत वातात याने उपशम मिळतो. आमवातात सूज व जडपणा वाढतो. माधवकरांनी आमवाताचे निदान स्वतंत्र अध्यायात सांगितले आणि चक्रपाणिदत्तांनी चिकित्साक्रमात लंघन व स्वेदन आरंभी ठेवले. सामावस्थेत वालुकापोट्टलीचा रूक्ष स्वेद द्यावा, अभ्यंग टाळावा. रुग्णाच्या आग्रहाखातर हा नियम शिथिल करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रुमेटॉइड आर्थ्रायटिस व आमवात तंतोतंत एक नव्हेत, तथापि लक्षणसाम्य मोठे आहे. हातांचे लहान सांधे दोन्ही बाजूंस सुजणे व सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकणे, हे दिसताच शंका घ्यावी. आर.ए. फॅक्टर नसला तरी व्याधी नाही असे ठरत नाही.

सूज आहे म्हणून सांधा महिनोन्‌महिने हलवायचाच नाही, ही दुसऱ्या टोकाची चूक. त्याने स्नायू कृश होतात व सांधा आखडतो. तीव्र अवस्थेत स्प्लिंटचा आधार द्यावा. तरीही दिवसातून एक-दोनदा रुग्णाने स्वतः, वजन न घेता, सांधा सोसेल तेथपर्यंत हळुवार फिरवावा. दुसऱ्याने ओढू नये. सूज उतरल्यावर बळ वाढविणारे व्यायाम सुरू करावेत. इंग्लंडमधील ४९० रुग्णांवरील, २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा व्यायामांनी वर्षअखेर हातांची कार्यक्षमता अधिक सुधारलेली आढळली. व्यायामानंतर दोन तासांनीही दुखणे वाढलेलेच असेल, तर मात्रा घटवावी.

मानेविषयी विशेष सावधगिरी हवी. जुन्या रुग्णांत वरच्या दोन मणक्यांमधील बंध सैल झालेले असू शकतात. अशी मान ‘मोडून’ देणे मज्जारज्जूवर बेतू शकते. हातापायांस मुंग्या वा दुबळेपणा असल्यास प्रथम तज्ज्ञांकडे पाठवावे.

औषधविक्रेत्या सभासदांस एक विनंती. या व्याधीतील मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते; चुकून रोज घेतल्यास ते प्राणघातक ठरू शकते. ते परस्पर बंद करण्याचा सल्लाही देऊ नये, कारण वेदना शमली तरी आत हाडांची झीज चालू असू शकते. आणि ‘एका पुडीत आराम’ देणारी, वेष्टनावर घटक न छापलेली भुकटी विक्रीस ठेवू नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे.