‘सर, चान्स किती?’ : एका प्रश्नाची तपासणी

तत्त्वज्ञानाच्या माणसानं कॉलेज प्रवेशावर बोलावं, हे काहींना विचित्र वाटेल. पण बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की खांदा कॉलनीपासून खारघरपर्यंत घराघरांत एकच प्रश्न असतो. ‘आमच्या मुलीला व्हीजेटीआय मिळेल का? चान्स किती?’ मी प्रवेशाचा सल्लागार नाही, तरी ओळखीचे लोक हा प्रश्न माझ्याकडेही घेऊन येतात. माझा धंदा शब्दांचे अर्थ तपासण्याचा. तेव्हा आज आपण ‘चान्स’ हा शब्द तपासू. हा शब्दांचा खेळ नाही. याच्या उत्तरावर लोक लाखांची फी भरतात, कर्ज काढतात, मुलाचं एक अख्खं वर्ष ‘ड्रॉप’ म्हणून बाजूला ठेवतात.

आकडा काय सांगतो?

सुरुवात पर्सेंटाइलपासून करू, कारण तिथेच गोंधळ होतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. सीईटी अनेक सत्रांत होते. तुमच्या सत्रात बसलेल्यांपैकी शेकडा किती मुलांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी आहेत, हे पर्सेंटाइल सांगतं. म्हणजे तो तुमच्या ज्ञानाचा आकडा नाही, रांगेतल्या जागेचा आकडा आहे. समजा, तीन लाख मुलं परीक्षेला बसली. ९९ पर्सेंटाइल म्हणजे तुमच्यापुढे सुमारे तीन हजार मुलं. ९९.५ म्हणजे दीड हजार. ‘अर्ध्यानंच तर कमी पडला’ असं आपण म्हणतो, पण त्या अर्ध्यात दीड हजार मुलं उभी आहेत.

दुसरा शब्द कट-ऑफ. पुष्कळांना वाटतं, कॉलेज आधी एक रेषा आखतं आणि तिच्यावरच्यांना आत घेतं. तसं नसतं. मागच्या वर्षी त्या शाखेत, त्या प्रवर्गात ज्या शेवटच्या मुलाला जागा मिळाली, त्याचा क्रमांक म्हणजे कट-ऑफ. वाळूवर लाटेची खूण राहते ना, तशी ती खूण आहे. पुढची लाट कुठवर येईल, ते त्या वर्षी किती मुलं काय मागतात आणि जागा किती आहेत, यावर ठरतं. २०२४-२५ पासून एआयसीटीईनं चांगल्या संस्थांसाठी शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढली. जागा बदलल्या की खूणही सरकते. म्हणून एका वर्षाचा कट-ऑफ पाहून ‘मिळणार’ किंवा ‘नाही मिळणार’ म्हणणं घाईचं आहे.

कोणाचा चान्स?

आता मुख्य मुद्दा. एक हिशेब करू. २०२४ साली आयआयटींमध्ये मिळून १७,७४० जागा होत्या. जेईई ॲडव्हान्स्डचे दोन्ही पेपर १,८०,२०० मुलांनी दिले. म्हणजे शंभरात सुमारे दहांना जागा. पण ही परीक्षा द्यायला पात्र ठरले होते सुमारे अडीच लाख. त्या हिशेबानं शंभरात सात. आणि त्याआधीची जेईई मेन दिली होती सुमारे १४ लाख मुलांनी. त्या हिशेबानं शंभरात जेमतेम सव्वा.

समजा, पनवेलच्या एका मुलानं या दोन्ही परीक्षा दिल्या. त्याचा चान्स दहा टक्के, सात टक्के की सव्वा टक्का? मुलगा तोच आहे. आपण त्याला कोणत्या गटात उभं केलं, त्यावर आकडा बदलला.

ही अडचण जॉन वेन या तर्कशास्त्रज्ञानं १८६६ साली ‘द लॉजिक ऑफ चान्स’ या ग्रंथात मांडली. शाळेत वेन आकृत्या काढल्यात ना, तेच हे वेन. प्रत्येक माणूस एकाच वेळी असंख्य गटांत असतो आणि प्रत्येक गटाची सरासरी वेगळी. पुढे विसाव्या शतकात हान्स रायशेनबाख यांनी या प्रश्नावर बरंच काम केलं. आपण त्या गटाला ‘संदर्भवर्ग’ म्हणू. मुद्दा एवढाच, की शक्यतेचा आकडा गटाचा असतो. तो एका मुलीच्या कपाळावर लिहिलेला नसतो.

हे फक्त पुस्तकात नाही, सीईटी कक्षाच्या कट-ऑफच्या यादीतच दिसतं. त्यातले रकाने बघा : जीओपीईएनएच, एलओपीईएनएच, टीएफडब्ल्यूएस. पहिला खुल्या प्रवर्गाचा सर्वसाधारण, दुसरा खुल्या प्रवर्गातल्या मुलींचा. शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी. पनवेल रायगड जिल्ह्यात, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात. तिसरा रकाना शिक्षणशुल्क माफीच्या जागांचा. त्याला कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत लागतं. एकच मुलगी तिन्ही रकान्यांत बसू शकते. तिचे वडील फक्त पहिला रकाना पाहून निराश झाले, तर त्यांनी मुलीला चुकीच्या गटात उभं केलं.

फलकावर अंश असतो, छेद नसतो

आता आपल्या न्यायदर्शनाकडे येऊ. अनुमानाचं ठरलेलं उदाहरण तुम्हाला माहीत आहे : डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. हेच उलटं करा. ‘जिथे आग, तिथे धूर.’ चालेल? नाही चालत. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. धूर निघायला ओलं सरपण लागतं. मागे लपलेल्या या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात.

आता चौकातला क्लासचा फलक बघा. ‘आमचे इतके विद्यार्थी आयआयटीत!’ आपण मनात अनुमान करतो : या क्लासला घातलं की आयआयटी. इथे उपाधी काय? ज्या क्लासमध्ये आधीच चाचणी घेऊन हुशार मुलं निवडली जातात आणि त्यांची वेगळी बॅच केली जाते, तिथे ती निवड हेच ओलं सरपण. शिवाय फलकावर अंश असतो, छेद नसतो. इतके गेले, हे छापतात. एकूण किती होते, ते विचारा. आपल्या मुलाला ज्या बॅचमध्ये घेणार, त्या बॅचमधून किती गेले, तेही विचारा. फी भरण्याआधी हे दोन प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणखी एक अनुमान ऐकू येतं : ‘पाच परीक्षा देतोय, कुठेतरी लागेलच.’ पाच वेगवेगळ्या नाण्यांच्या बाबतीत हे ठीक आहे. पण इथे मुलगा तोच, भौतिकशास्त्र तेच, गणित तेच. त्याचं कॅल्क्युलस कच्चं असेल तर ते पाचही ठिकाणी कच्चंच राहील. या शक्यता एकमेकींना बांधलेल्या आहेत. त्यांची बेरीज होत नाही.

मग करायचं काय?

तुम्ही म्हणाल, सर, सगळं मोडलंत, आता हातात काय उरलं? पसंतीक्रम उरला. १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉईड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी कॉलेज प्रवेश आणि विवाह जुळवणी या विषयांवर मिळून एक छोटा लेख लिहिला. विद्यार्थ्यांच्या पसंत्या आणि कॉलेजांचे क्रम यांचा मेळ कसा घालावा, याची रीत त्यात आहे. पुढे २०१२ साली शॅप्ली यांना ॲल्विन रॉथ यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्याकडच्या कॅप फेरीत तुमचा क्रमांक आला, की संगणक तुमची पहिली पसंती बघतो. तिथे जागा नसेल तर दुसरी, मग तिसरी. वर एखादं अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालच्या कॉलेजातला तुमचा हक्क कमी होत नाही. तरीही पालक काय करतात? ‘व्हीजेटीआय मिळणार नाहीच, उगाच कशाला पहिली पसंती वाया घालवा,’ म्हणून ते नाव खाली ढकलतात. पसंती वाया जात नसते. क्रम लावायचा तो आवडीनं, चान्सनं नाही.

मात्र आवड खरी हवी. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती जागा घ्यावी लागते. म्हणून ते नाव लिहिण्याआधी सगळ्यांनी बसून बोला. पनवेलहून हार्बरनं वडाळा, तिथून माटुंगा. रोज जाऊन-येऊन दोन-अडीच तास. चार वर्षं. ते झेपणार आहे का? की नवीन पनवेलमधलंच कॉलेज आणि ते दोन तास अभ्यासाला? दोन्ही उत्तरं शहाणपणाची असू शकतात. ही निवड तुमची आहे. कुठला ‘प्रेडिक्टर’ ती करून देणार नाही.

एक प्रश्न

श्रोत्यांतून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे : ‘मुलगी अकरावीत आहे. ती सारखी विचारते, आई, माझा चान्स किती? तिला काय सांगू?’

ताई, हवामान खात्यानं पाऊस पडणार नाही म्हटलं, तरी ढग ते ऐकत नाहीत. मुलगी ऐकते. ‘वीस टक्के’ म्हणालात तर उद्या ती वीस टक्क्यांच्या मुलीसारखी अभ्यासाला बसेल. म्हणून तिला आकडा देऊ नका. तीन वर्षांचे कट-ऑफ काढा, तिच्या सगळ्या रकान्यांचे. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा यांच्यामधली पट्टी तिला दाखवा. सराव चाचण्यांत ती त्या पट्टीच्या कुठे आहे, ते तिचं तिला बघू द्या. आणि यादीत, जिथे गेल्यावरही ती आनंदानं शिकेल, अशी दोन-तीन नावं मनापासून लिहा. नाइलाज म्हणून नाही.

एक गोष्ट निकालाच्या दिवसासाठी. एकूण पर्सेंटाइल सारखं असलं तर आधी गणिताचं पर्सेंटाइल बघतात, मग भौतिकशास्त्राचं. म्हणजे शेवटची जागा कधीकधी एका प्रश्नाच्या फरकानं इकडची तिकडे जाते. जागा वाटायला कुठेतरी रेघ ओढावीच लागते, मला ते मान्य आहे. पण रेघेच्या अलीकडची मुलगी आणि पलीकडची मुलगी यांच्यात त्या रेघेएवढंच अंतर असतं. हे तुम्हाला पटलेलं असेल, तर निकालाच्या संध्याकाळी तुमचा चेहराच तिला ते सांगेल.

वेळ झाली. उरलेल्या चिठ्ठ्यांची उत्तरं पुढच्या वेळी देईन.