'ॲव्हरेज' म्हणजे फक्त सरासरी नव्हे

"टेम्पो किती ॲव्हरेज देतो?" हा प्रश्न मांजरीच्या बाजारात कोणीही विचारतो. हा इंग्रजी शब्द आपल्या बोलीत रुळला आहे. पण त्याचा धंद्यातला दुसरा अर्थ फार थोड्या बांधवांना ठाऊक असतो.

बहुतेक शब्दकोशकारांच्या मते त्याचे मूळ अरबी 'अवार' हा शब्द आहे. अवार म्हणजे मालातील दोष किंवा खराबी. भूमध्य समुद्रावरील व्यापाऱ्यांकडून तो इटालियन व फ्रेंच भाषांत आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत गेला. वादळात जहाज वाचवण्यासाठी काहींचा माल समुद्रात टाकावा लागे. ते नुकसान मग सर्व मालधनी आपापल्या मालाच्या किमतीप्रमाणे वाटून घेत. या वाटणीलाच 'ॲव्हरेज' म्हणत. भारताच्या सागरी विमा कायदा 1963 मध्ये 'जनरल ॲव्हरेज'चे कलम आहे. 'सरासरी' हा अर्थ पुढे अठराव्या शतकात रूढ झाला.

सरासरी काढतानाही चूक होते. मेथीच्या 100 जुड्या 12 रुपयांनी आणि 300 जुड्या 8 रुपयांनी विकल्या, तर सरासरी भाव 10 रुपये नव्हे. एकूण 3,600 रुपयांना 400 ने भागले की 9 रुपये येतात.

आता विम्याकडे वळू. 21 जानेवारी 2021 रोजी मांजरीत सीरम इन्स्टिट्यूटच्या आवारातील इमारतीला आग लागून पाच कामगार दगावले. आग लहान-मोठा धंदा पाहत नाही. म्हणून विम्याच्या कागदातील 'ॲव्हरेज'चे कलम जरूर वाचावे. समजा, दुकानात 10 लाखांचा माल आहे. हप्ता वाचवण्यासाठी विमा 6 लाखांचाच उतरवला. आगीत 2 लाखांचा माल जळाला. भरपाई पूर्ण 2 लाख मिळेल, असे वाटते. पण विमा मालाच्या 60 टक्केच असल्याने 1 लाख 20 हजारच हाती येतात. उरलेले 80 हजार दुकानदाराच्या माथी!

1 एप्रिल 2021 पासून आलेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ आहे. ही पॉलिसी एका ठिकाणच्या 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी आहे. तरी सणासुदीला माल भरला, नवे यंत्र घेतले, की विम्याची रक्कमही वाढवून घ्यावी. जहाजावरचे नुकसान सर्वांत वाटले जाई. दुकानातल्या कमी विम्याचे नुकसान मात्र एकट्यालाच सोसावे लागते.