नासपतीच्या जाती

पावसाळ्यात फळबाजारात नासपतीचे ढीग दिसू लागतात. उर्दूत आपण जिला नाशपाती म्हणतो, तीच मराठीतील नासपती. ती सफरचंदाची जवळची नातेवाईक आहे. दोन्ही झाडे गुलाबाच्या कुळातील! तिला हिवाळ्यातील थंडी मानवते. म्हणून ती मुख्यतः काश्मीर, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड व पंजाब येथे पिकते.

सातव्या शतकात ह्युएनत्संग हा चिनी प्रवासी भारतात आला होता. कनिष्काच्या काळी चीनकडून आलेल्या ओलिसांनी हे फळ पंजाबात आणले, असे त्याने लिहून ठेवले आहे. लोक त्या फळाला 'चीनराजपुत्र' म्हणत.

पंजाबात नासपतीला 'नाख' म्हणतात. तेथील प्रसिद्ध जात पत्थरनाख. हे फळ गोल, टणक आणि रसाळ असते. सालीवर बारीक ठिपके असतात. खाताना दाताखाली रवाळ कण लागतात. ती वाळू नव्हे. जाड भित्तिका असलेल्या त्या पेशी आहेत. टणक असल्यामुळे हे फळ लांबच्या प्रवासात टिकते. पुष्कळ लोक ते कच्चे समजून घरात ठेवून देतात व मऊ होण्याची वाट पाहतात. पत्थरनाख कुरकुरीत असतानाच खावी. याउलट बब्बूगोशा मऊ व गोड असते. ती जपून हाताळावी लागते.

युरोपीय जातींची रीत निराळी आहे. ही फळे झाडावर पिकू दिली तर आतून खराब होतात. म्हणून ती टणक असतानाच तोडून घरात पिकवतात. बार्टलेट पिकली की हिरव्याची पिवळी होते. आंजू मात्र पिकली तरी हिरवीच राहते. तिच्या देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबून पाहावे. तेथे मऊ लागली, तर ती खाण्याजोगी झाली. बॉस्क लांब मानेची, तपकिरी व खरखरीत सालीची असते.

बार्टलेटच्या नावाची गोष्ट मोठी गमतीची आहे. सुमारे १७७० साली इंग्लंडमध्ये स्टेअर नावाच्या एका शाळामास्तरांनी ही जात वाढवली. पुढे विल्यम्स नावाच्या रोपवाटिकावाल्याने ती पसरवली. म्हणून इंग्लंडात ती 'विल्यम्स' झाली. मास्तरांचे नाव मागेच राहिले! नंतर तिची झाडे अमेरिकेत गेली. ज्या बागेत ती लावली होती, ती १८१७ साली इनॉक बार्टलेट यांनी विकत घेतली. त्यांना झाडांचे मूळ नाव ठाऊक नव्हते. त्यांनी स्वतःच्याच नावाने ती जात लोकांना दिली.

नासपतीची बी पेरली तर मूळ झाडासारखी फळे येत नाहीत. परागकण दुसऱ्या जातीच्या झाडाचे असतात, त्यामुळे रोपात दोघांचे गुण मिसळतात. म्हणून जात टिकवायची तर कलमच करावे लागते. आज अमेरिकेत बार्टलेट म्हणा की इंग्लंडात विल्यम्स म्हणा, ती त्या एकाच झाडाच्या कलमांची कलमे आहेत.